थंडीत विजेचे बिल का फुगते?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानात आम्ही कापडाचा वीतभर तुकडाही मोजून देतो, पण घरातली वीज मात्र न मोजता वापरतो. धाराशिवला थंडीत पंखे बंद होतात, तरी बिल वाढून येते. आमच्या घरीही असेच झाले. मीटर बिघडले असे ठरवून आम्ही मोकळे झालो. हिशेब मांडला तेव्हा चूक आमचीच निघाली.

हिशेब असा : १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की १ युनिट होते. पाणी तापवण्याची १५०० वॅटची रॉड रोज एक तास लावली, तर तीस दिवसांत ४५ युनिट होतात. घरचा इतर वापर ८० असेल तर एकूण १२५. महावितरणच्या घरगुती दरात महिन्याच्या १०० युनिटनंतर दर बराच चढा आहे. वरची २५ युनिटे त्या दराने पडतात आणि बिल तिथेच फुगते.

यावर इलाज सोपा आहे. लागेल तेवढेच पाणी तापवावे. गीझर असेल तर काटा ५० अंशांवर ठेवावा व घरच्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात. रॉडची पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

बिलावरचे चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. रीडिंग न घेता सरासरीने आकारणी झाली असेल, तर मीटरचा फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. १९१२ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

दिवसभर राबून मिळवलेली मजुरी न्हाणीघरात वाहून जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.