उलट्या दिशेची पाइपलाइन

ऑक्टोबर २०२३पासून रशियाचा नैसर्गिक वायू कझाकस्तानमार्गे उझबेकिस्तानात येऊ लागला. पाइपलाइन सोव्हिएत काळातली, जुनीच. पूर्वी तिच्यातून मध्य आशियाचा वायू उत्तरेकडे रशियाला जायचा, आता प्रवाह उलटा झाला. उझबेकिस्तानात २०१६मध्ये सत्तेवर आलेले अध्यक्ष शौकत मिर्झियोयेव यांच्या मुत्सद्देगिरीचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. ताश्कंद-दुशान्बे विमानसेवा पुन्हा सुरू झाली, किर्गिझस्तानशी सीमावाद मिटला. मार्च २०२२मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कला मान्यता देणार नसल्याचंही स्पष्ट केलं. मॉस्कोने त्याच वर्षी रशिया, कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या ‘वायू संघा’चा प्रस्ताव मांडला, तेव्हा वायूच्या बदल्यात राजकीय अटी मानणार नाही, असं ऊर्जामंत्री म्हणाले. तरीही वर्षभरात वायू घ्यावा लागलाच, व्यापारी कराराने का होईना.

२०२३मधला करार वर्षाला २.८ अब्ज घनमीटरचा होता, म्हणजे उत्पादनाच्या मानाने किरकोळ, असं कोणी म्हणेल. पण आकड्यापेक्षा ऋतू महत्त्वाचा. जानेवारी २०२३च्या कडाक्याच्या थंडीत ताश्कंदमध्ये घरं गारठली, वीज गेली, घरांसाठी वायू वाचवायला सीएनजी पंप बंद ठेवले आणि पेट्रोलला रांगा लागल्या. शहराच्या महापौरांना पद गमवावं लागलं. खरं दुखणं मात्र जुनं होतं: २०१९मधलं सुमारे ६० अब्ज घनमीटरचं उत्पादन २०२३पर्यंत ४७ अब्जांच्या आत आलं, आणि वर्षानुवर्षं जवळजवळ फुकट वाटलेल्या वायूतून नव्या विहिरींना, गळक्या वाहिन्यांना पैसा निघत नव्हता. सौर प्रकल्प झपाट्याने उभे राहताहेत, पण जानेवारीच्या रात्री शेगडी आणि हीटर वायूवरच चालतात.

मग दर वाढवा, हे सांगणं सोपं आहे. शेजारच्या कझाकस्तानात जानेवारी २०२२मध्ये एलपीजी महागला आणि झानाओझेनमधल्या निदर्शनांचं लोण देशभर पसरलं. ताश्कंदने ते पाहिलं आहे. मे २०२४मध्ये घरगुती दर वाढवले, तेही ठरावीक वापरापर्यंत सवलत ठेवून. सवलत योग्यच, पण तेवढ्याने भागणार नाही. आज जास्त बिल भरलं तर उद्या घर उबदार राहील, यावर लोकांचा विश्वास बसायचा तर जाब विचारणारी संसद आणि वर्तमानपत्रं लागतात. अर्थव्यवस्था खुली झाली, कापसातली सरकारी वेठबिगारी संपली. राजकारण मात्र बंदच राहिलं. जुलै २०२२मध्ये देशातल्याच काराकल्पकस्तान प्रजासत्ताकाची स्वायत्तता काढण्याच्या प्रस्तावावर लोक रस्त्यावर आले, सरकारी आकड्यानुसार २१ जण मेले, मगच प्रस्ताव मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी नव्या राज्यघटनेने अध्यक्षांची मुदत ५ऐवजी ७ वर्षांची केली.