दुधाळ डब्यातलं रबर

मे महिन्यात गच्चीची गळती काढताना मिस्त्री घमेल्यात सिमेंट कालवतो आणि डब्यातलं दुधासारखं पांढरं पाणी त्यात ओततो. ते असतं एसबीआर लॅटेक्स, म्हणजे पाण्यात तरंगणारे कृत्रिम रबराचे अतिसूक्ष्म कण. आकार साधारण ०.२ मायक्रॉन, सिमेंटचा कण त्यापुढे डोंगरच.

साधी सिमेंटची पेस्ट दगडासारखी घट्ट झाली तरी आतून सच्छिद्र असते. सिमेंटला न लागलेलं पाणी उडून गेलं, की केशनलिकांचं जाळं उरतं आणि पावसाचं पाणी नेमकी तीच वाट धरतं. लॅटेक्स असेल तर हायड्रेशनमध्ये, म्हणजे सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेत, पाणी खर्ची पडत जातं, तसे रबराचे कण या पोकळ्यांत दाटीवाटीने जमतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तड्यांचे दोन काठ सांधणारे त्याचे धागे दिसतात. जपानच्या योशिहिको ओहामा यांनी ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडली.

लॅटेक्सचे नखरेही आहेत. ते सिमेंटच्या कणांवर बसून हायड्रेशन मंदावतं. त्यातल्या साबणासारख्या द्रव्यांमुळे फेस होतो, म्हणून फेसरोधक घालावं लागतं. आठवडाभर पाणी मारत राहण्याची सवयही इथे नडते: सुरुवातीला ओलावा, मग सुकू द्यायचं, नाहीतर पापुद्रा नीट धरत नाही.

कल्पना मात्र शंभरी ओलांडलेली. १९२३ साली क्रेसन यांनी रस्त्यांच्या फरसबंदीसाठी नैसर्गिक रबराच्या लॅटेक्सचं ब्रिटिश पेटंट घेतलं. गंमत म्हणजे त्यात सिमेंट होतं ते निव्वळ भरताड म्हणून!