गट क्रमांक एकटा पुरेसा नसतो

बंगळूरुच्या मल्लेश्वरम भागात अठराव्या क्रॉसवर काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. चंदनावरील संशोधनामुळे चंदन लागवड करणाऱ्या आपल्या वाचकांना तिचे नाव परिचित असेल. मात्र प्रथमच तेथे जाणाऱ्याने रिक्षाचालकास नुसते ‘अठरावा क्रॉस’ असे सांगून भागत नाही. बंगळूरुच्या अनेक वसाहतींत क्रॉस आणि मेन या रस्त्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि घरांच्या क्रमांकांचेही तेच. वसाहत, मेन, क्रॉस व घर क्रमांक ही चारही अंगे जुळली की एकच दार उरते. यांपैकी कोणतेही अंग स्वतंत्रपणे एकमेव नाही. त्यांची जोडणी मात्र एकमेव आहे.

संगणकीय माहितीसाठ्यात प्रत्येक नोंद निःसंदिग्धपणे ओळखता यावी म्हणून जे रकाने ठरवले जातात, त्यांना प्राथमिक कळ अथवा प्रायमरी की म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित माहितीसाठ्याची मांडणी केली, तेव्हापासून ही संकल्पना रूढ आहे. एका रकान्याने ओळख पटत नसेल, तर दोन-तीन रकाने मिळून कळ बनवता येते. तिला संयुक्त कळ म्हणावे.

महसुली दप्तर हे काम संगणकाच्या कितीतरी आधीपासून करीत आले आहे. गट क्रमांक ४५ जवळजवळ प्रत्येक गावात सापडेल. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही गावेही अनेक तालुक्यांत आहेत. म्हणून तर बुद्रुक आणि खुर्द आले. जिल्हा, तालुका, गाव, गट व पोटहिस्सा एवढे सांगितल्यावरच जमिनीचा तुकडा निश्चित होतो. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो वस्तुतः दोन तक्त्यांचा जोड आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. सातमध्ये एका भूखंडाची एक नोंद पुरते. बारामध्ये त्याच भूखंडाला दरवर्षी, दर हंगामाला नवी ओळ लागते. म्हणून बाराची कळ सातच्या कळीपेक्षा लांब असणे अपरिहार्य आहे.

किती लांब, हाच कळीचा प्रश्न. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांच्या पिकांचा तक्ता करताना गाव, गट, वर्ष व हंगाम एवढीच कळ ठेवली. सोयाबीन नोंदले गेले. आता त्याच शेतातील आंतरपीक तूर नोंदवू गेल्यास संगणक ती ओळ नाकारील, कारण त्याच्या लेखी ही नोंद आधीच झालेली आहे. नोंदणी करणारा घाईत असेल तर सोयाबीनवरच तूर लिहून मोकळा होईल. नुकसानभरपाईच्या वेळी त्या शेतकऱ्याचे सोयाबीन कागदावर नसेल. पीक हाही कळीचा भाग असायला हवा होता.

कळ नसण्याची हानी याच्या उलट आणि अधिक छुपी असते. प्रक्षेत्र चाचणीत सात प्रक्रिया व तीन पुनरावृत्ती असल्यास एका हंगामात एकवीस वाफे होतात. केंद्र, वर्ष, हंगाम, प्रक्रिया व पुनरावृत्ती ही त्यांची स्वाभाविक संयुक्त कळ. ती लावली नाही आणि एका प्रक्रियेच्या हेक्टरी १८, २० व २५ क्विंटल या नोंदींपैकी शेवटची चुकून दोनदा भरली गेली, तर सरासरी २१ वरून २२ वर जाते. शेतात काहीही न घडता एक क्विंटल वाढले! अशा आकड्यावरून शिफारस झाली तर तिचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. मात्र त्याच वाफ्याची उंची ३० व ६० दिवसांनी मोजायची असेल, तर निरीक्षणाचा दिवसही कळीत घ्यावा लागेल.

प्रत्यक्ष भरणीत अडचण येते ती पोटहिस्स्याची. अनेक गटांना पोटहिस्सा नसतो, आणि प्रमाणित एसक्यूएलच्या नियमांनुसार प्राथमिक कळीतील कोणताही रकाना रिक्त ठेवता येत नाही. अशा वेळी ‘०’ सारखे एक ठरावीक चिन्ह सर्वांनी वापरावे. कोणी शून्य, कोणी आडवी रेघ, असे नको. ‘४५’ देवनागरीत लिहिणे आणि आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिणे संगणकाला सहसा भिन्न वाटते. एक्सेलमध्ये आंतरराष्ट्रीय अंकांत १२/१ लिहिल्यास त्याची बहुधा तारीख होते, म्हणून तो रकाना आधीच मजकूर स्वरूपात ठेवावा. गावाच्या नावाऐवजी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वापरला, तर ‘बु.’ की ‘बुद्रुक’ हा वादच उरत नाही.

संयुक्त कळीवर आक्षेपही आहेत, आणि ते रास्त आहेत. एकत्रीकरणात सर्व्हे क्रमांकांचे गट झाले, वाटपात नवे पोटहिस्से पडतात. कळ बदलली की तिच्यावर टेकलेले माती परीक्षण, सिंचन, कर्ज असे सर्व तक्ते बदलावे लागतात. शिवाय पाच-सहा रकाने प्रत्येक तक्त्यात वागवावे लागतात. म्हणून अनेक जण प्रत्येक ओळीला एक निरर्थक अनुक्रमांक देऊन त्यालाच प्राथमिक कळ मानतात. केंद्राच्या भू-आधार योजनेतील चौदा अक्षरांकी भूखंड क्रमांकही एकाच रकान्यात ओळख सामावतो. तो मात्र निरर्थक नाही, जमिनीच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला आहे.

आमच्या मते, दीर्घकाळ चालणाऱ्या व अनेक तक्ते जोडलेल्या माहितीसाठ्यात अनुक्रमांक सोयीचा. एका हंगामाच्या चाचणीत संयुक्त कळच सरस. परंतु अनुक्रमांक घेतला तरी गाव, गट, पोटहिस्सा, वर्ष, हंगाम व पीक यांच्या जोडणीवर एकमेवतेचे बंधन वेगळे घालावेच. अन्यथा एकाच शेतातील एकच तूर ४१७ व ९६२ अशा दोन क्रमांकांनी नांदेल, आणि संगणक दोन्ही खऱ्या मानील.