चौकोनाभोवती पट्टी: गीज बेंडच्या गोधड्या

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या मोठ्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गीज बेंड नावाचं गाव आहे. मार्क पेटवेनं १८४५ मध्ये इथला कापसाचा मळा विकत घेतला. त्यानं गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या कित्येक वंशजांचं आडनाव आजही पेटवेच आहे. इथल्या बायका शेतकाम उरकून जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. लाकडी खोपट्यांत थंडी शिरायची, म्हणून.

२००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या. पाहणाऱ्यांना आधुनिक अमूर्त चित्रं आठवली. हा मान रास्तच होता, पण ही गोधडी समजून घ्यायची तर तिची शिवण पाहावी लागते.

गावातली आवडती रीत ‘हाउसटॉप’. मधोमध एक चौकोनी तुकडा घ्यायचा. त्याच्या एका कडेवर पट्टी सुलट बाजू आत ठेवून जोडायची, उलगडायची, जास्तीचं टोक कापायचं. मग तुकडा फिरवून पुढची पट्टी. ही पहिल्या पट्टीचं टोकही झाकेल एवढी लांब हवी. असं फिरत फिरत चौकोन वाढत जातो. पट्टी आधी मोजून कापावी लागत नाही, कारण लांबी जोडल्यावर ठरते. पाव इंच माया सुटली की पुरे. एखादी पट्टी तिरकी निघाली तर पुढची तिला सावरते किंवा तो तिरकेपणा आणखी खुलवते. कापड संपलं की तिथूनच रंग बदलतो. आज घरच्या चिंध्यांतून असा चौकोन करणाऱ्यानं एवढंच पाळावं: चित्र आधी ठरवू नये, हाती आलेल्या तुकड्याला पुढची पट्टी विचारावी.

कापडाचा स्वभावही नक्षी घडवतो. १९६६ मध्ये इथल्या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये तिला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उश्यांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. उरलेले तुकडे घरोघरी गेले. कॉर्डरॉय जाड, बारीक तुकड्यांची शिवण फुगते, म्हणून पट्ट्या रुंद झाल्या आणि गोधड्यांवर हिरव्या-सोनेरी रंगांचे ठसठशीत पट्टे आले.

मला सर्वांत जवळची वाटते ती मिसूरी पेटवेची १९४२ची गोधडी. नवरा वारल्यावर तिनं त्याचे शेतातले कपडे उसवले आणि मुलीला मदतीला घेऊन त्याच्या आठवणीसाठी ती शिवली. विटलेल्या निळ्या-करड्या कापडावर वापराच्या खुणा तशाच आहेत. त्या लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

आपल्याजवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात, कोकणी बोलणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ ही गोधडी नेमकी उलट चालते. गीज बेंडमध्ये आधी वरचा थर जोडून होतो, मग अस्तरासकट टाके पडतात. सिद्दी बाई मात्र कडेपासून सुरुवात करते. अस्तरावरच तुकडा ठेवून धावदोरा घालत मध्याकडे सरकते. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी होतं, आणि मधला तुकडा सर्वांत शेवटी बसतो.