भारतातील मोल : कोठे, केव्हा आणि कोठे नाही

बांधालगत एका रात्रीत ताज्या मातीचे ढीग उठले, की त्यांचे छायाचित्र हल्ली इंटरनेटवर पडताळले जाते आणि इंग्रजी पानांवरून पुष्कळदा ‘मोल’ हे नाव हाती येते. त्यापाठोपाठ युरोप-अमेरिकेतील हिरवळींसाठी सुचवलेले सापळे आणि एरंडेल तेलाचे द्रावण हे उपायही येतात. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक वा पंजाबातील शेतात मात्र या निदानाला आधार नाही. तेथे मोल हा प्राणी आढळतच नाही.

भारतात खऱ्या मोलचे क्षेत्र पूर्व हिमालय आणि ईशान्येकडील राज्ये एवढ्यापुरते मर्यादित आहे. हिमालयी मोल (युरोस्कॅप्टर मायक्रुरा) याचे वर्णन हॉजसन यांनी 1841 मध्ये नेपाळमधील नमुन्यांवरून केले. सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगरांत तो आढळतो. पांढऱ्या शेपटीचा मोल (पॅरास्कॅप्टर ल्युक्युरा) ब्लिथ यांनी 1850 मध्ये खासी टेकड्यांतून नोंदवला. मेघालय, आसाम, नागालँड हा त्याचा प्रदेश. दोन्ही प्राणी वीतभराहूनही लहान, मखमली केसांचे. त्यांचे डोळे केसांत लपलेले असतात, बाह्यकर्ण नसतात आणि पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद व बाहेर वळलेले असतात.

हे क्षेत्र इतके आखूड का, याचे उत्तर बव्हंशी मातीत सापडते. मोल धान्य खात नाही. गांडुळे आणि कीटकांच्या अळ्या हा त्याचा आहार. त्याला दररोज भरपूर खाद्य लागते आणि तो शीतनिद्राही घेत नाही. त्यामुळे बाराही महिने मऊ, ओलसर आणि गांडुळांनी समृद्ध असा थर त्याला आवश्यक असतो. दख्खनची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि गांडुळे खोल जाऊन निपचित पडतात. तेव्हा अशा प्राण्याचा तेथे निभाव लागणे कठीणच.

मोल वर्षभर सक्रिय असला, तरी त्याच्या खुणा वर्षभर सारख्या दिसत नाहीत. जमीन ओली असून गांडुळे वरच्या थरात असतात, तेव्हा त्याचे उथळ बोगदे पृष्ठभागावर उंचवट्याच्या रेषांसारखे उमटतात. कोरड्या थंडीत तो खोल जातो आणि शेत रिकामे भासते. एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जेर्डन यांनी 1867 च्या आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात दार्जिलिंगच्या मोलविषयी लिहिले, की त्याचे बोगदे रस्ते ओलांडून एका ओकच्या बुंध्यापासून दुसऱ्यापर्यंत जातात, पण युरोपातल्यासारखे मातीचे ढीग तो उभारत नाही. म्हणजे परदेशी पुस्तकांतील ठळक खूण दार्जिलिंगमध्येही भरवशाची ठरत नाही.

गोंधळात भाषेचाही वाटा आहे. हिंदी शब्दकोशांत ‘मोल’चा अर्थ ‘छछूंदर’ असा दिलेला आढळतो. पण ती आपली चिचुंद्री. तिचे कान दिसतात, पंजे नाजूक असतात आणि शेत पोखरणे हे तिचे काम नव्हे. उलट लहान घुशीला (बँडिकोटा बेंगालेन्सिस) इंग्रजीत ‘इंडियन मोल-रॅट’ हे नाव मिळाले. शेतातील ताज्या मातीच्या ढिगांमागे बहुधा हीच असते. ती बिळाचे तोंड मोकळ्या मातीने बुजवते, खाली भाताच्या लोंब्या साठवते आणि भात, गहू, ऊस यांचे मोठे नुकसान करते. तिच्यासाठी धान्याचे आमिष उपयोगी पडते, मोलसाठी नाही. सामुदायिक मोहीम पीक निसवण्यापूर्वी हाती घेतली तरच फळ देते.

तिसरा दावेदार कीटक आहे. मोल क्रिकेट म्हणजे जमीन खणणारा रातकिडा. त्याच्या ‘ग्रायलोटाल्पा’ या नावातच लॅटिनमधील रातकिडा आणि मोल हे दोन्ही शब्द आहेत. भारतातील जुन्या नोंदी ‘आफ्रिकाना’ या जातीच्या नावावर आहेत. त्यांतील कीटक आता ‘ओरिएंटॅलिस’ मानला जातो. पुढच्या पायांची घडण मोलच्या पंजांशी इतकी जुळते, की दोहोंत काही नाते नाही हे पटवून द्यावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी प्रौढ कीटक दिव्यांकडे झेपावतात, तर ओलसर, रेताड जमिनीतील रोपवाटिकांत करंगळीच्या जाडीचे उथळ बोगदे व बुडाशी कुरतडलेली रोपे दिसतात. भाताच्या गादीवाफ्यांवर त्याचा उपद्रव होतो; पाणी साठवलेल्या खाचरात मात्र तो टिकत नाही. शंका आल्यास चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पातळ साबण मिसळून संशयित जागेवर ओतावे. कीटक असल्यास काही मिनिटांत वर येतो. गादीवाफे सपाट ठेवून काही काळ पाण्याखाली आणले, तर पुष्कळदा कीटकनाशकाची गरजच पडत नाही.

खरा प्रश्न उरतो तो मेघालयासारख्या राज्यांतील बटाटा आणि आल्याच्या शेतांत. तेथे बोगद्यांमुळे मुळे उघडी पडून रोपे सुकू शकतात आणि शेतकऱ्याचा रोष मोलवर जाणे स्वाभाविक आहे. पण याच भागात बटाट्याला हुमणीचाही उपद्रव होतो आणि हुमणी हे मोलचे खाद्य आहे. म्हणून सुकलेल्या रोपाखालची वीतभर माती आधी चाळून अळ्या मोजाव्यात. मुळे कुरतडलेली असतील, तर दोष अळीचा. मुळे शाबूत पण पोकळीत लोंबकळत असतील, तर बोगद्याचा. दुसऱ्या परिस्थितीत माती दाबून पाणी दिले, की रोपे बहुधा सावरतात.

सायंकाळी बोगदा मोडून सकाळी पाहण्याची पद्धत जुनी आहे. मात्र मोल रात्रीत बोगदा दुरुस्त करतो, तशीच घूसही बिळाचे तोंड पुन्हा बुजवते. या चाचणीतून राबता आहे एवढेच कळते, राहणारा कोण हे नव्हे. त्यासाठी बिळाच्या आसपास कापलेल्या काड्या, लोंब्या वा लेंड्या आहेत का, हे पाहावे लागते. निदानासाठी छायाचित्र पाठवताना ढिगाऱ्याशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि जमिनीचा प्रकार, पिकाची अवस्था व शेवटच्या पावसाची तारीख सोबत लिहावी.