अमेरिकी कॉलेजची फुटबॉल शिष्यवृत्ती

म्हापशात धुळेरच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराला अमेरिकेतून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळू शकते, पण एजंट सांगतात तितकी सरळ नाही. तिथल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या विभागात आपल्या फुटबॉलला (तिकडे तो सॉकर) पुरुष संघामागे वर्षानुवर्षं ९.९ शिष्यवृत्त्याच होत्या. प्रशिक्षक त्यांचे तुकडे करून वाटायचे: एकाला निम्मी फी, दुसऱ्याला पाव. हेल्मेटवाल्या अमेरिकी फुटबॉलला मात्र वरच्या गटात ८५, त्याही पूर्ण! तिसऱ्या विभागात खेळासाठी दमडीही मिळत नाही.

२०२५-२६पासून, एनसीएएविरुद्धच्या खटल्यात झालेल्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा उरली नाही. संघाचा आकार तेवढा बांधला गेला. सॉकरला २८, त्यांच्या फुटबॉलला १०५. यात भरडले जातात ते 'वॉक-ऑन', म्हणजे स्वतःची फी भरून, चाचणी देऊन संघात शिरणारे. आपल्या कॉलेजांत बहुतेक संघ असाच उभा राहतो: फलकावर नोटीस लागते, बूट घेऊन मैदानावर यायचं.

तिकडून प्रस्ताव आलाच तर रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाल्यास काय, हे कॉलेजकडूनच लेखी घ्यावं. एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नये.