दंडावरची फीत

आमच्या घरात सध्या दोन गोष्टींना कुणी न विचारता हात लावत नाही. एक सासूबाईंची जपमाळ आणि दुसरी लेकीची एनसीसीची टोपी. टोपीवर लाल तुरा असतो, पोरी त्याला हॅकल म्हणतात. तो भिजला की पार मान टाकतो, म्हणून पावसाळाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर!

लेक नववीत आहे. गणवेशाची इस्त्री माझ्याकडे आणि शिकवणी तिच्याकडे, अशी आमची वाटणी. एनसीसीच्या झेंड्यावर लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. मधल्या सोनेरी चिन्हाभोवती 17 कमळं, म्हणजे देशभरातली 17 संचालनालयं. त्यातलं एक आपल्या महाराष्ट्राचं. हा तिरंगी झेंडा 1954 मध्ये आला. संस्था 1948 ची आणि मुलींचा विभाग दुसऱ्याच वर्षी, 1949 मध्ये. बघा मैत्रिणींनो, आपल्या आज्यांच्या काळापासून मुली कवायत करताहेत, आणि आपल्याकडे अजून "मुलीच्या जातीला हे कशाला?" चालूच आहे.

गेल्या महिन्यात ती लान्स कॉर्पोरल झाली. दंडावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक फीत. कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन. मशीनवर शिवली तर वाकडी बसेल म्हणून मी हातानंच बारीक टाके घालत बसले होते. सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या.

"ही कुणी दिली गं तुला?"

"दिली नाही आजी, मिळवली. परेड, परीक्षा, सगळं बघतात."

त्या जरा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या अंगावर जे आलं ते एक तर माहेरचं, नाहीतर सासरचं."

आता प्रश्न आहे दहा दिवसांच्या शिबिराचा. परगावी, तंबूत राहायचं. ह्यांचं म्हणणं, "पुढे उपयोग काय?" लेकीकडे उत्तर तयार! कॉलेजात 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं की पदवीनंतर सैन्याच्या एनसीसी प्रवेशाला लेखी परीक्षा नसते, निवड मंडळाकडून थेट मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. शिवाय खडकवासल्याच्या एनडीएत 2022 पासून मुली घेतात. 30 मे 2025 ला पहिल्या 17 जणी तिथून बाहेर पडल्या. "कमळांइतक्याच की!" मी म्हटलं. हे हसले, पण सही काही केली नाही.

संमतीपत्र चार दिवस टेबलावर पडून आहे. काल रात्री पाणी प्यायला उठले, तर सासूबाई चष्मा लावून ते वाचत होत्या. सकाळी ह्यांच्या चहाच्या कपाखाली तो कागद होता, आणि बाजूला टोपण काढलेलं पेन.